आजीची आठवण, दुकानाचं नाव आणि नववीचा ब्लॉग

पार्श्वभूमी

पुण्यातल्या जुन्या पेठांच्या जवळची एक अनुदानित मराठी शाळा. इयत्ता नववीच्या एका तुकडीने, म्हणजे ४२ मुलामुलींनी, मराठी आणि इतिहासाच्या शिक्षकांच्या मदतीने वर्गाचा ब्लॉग सुरू केला. विषय ठरला पानशेतच्या पुराच्या आठवणी. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम चालू असलेलं पानशेतचं मातीचं धरण फुटलं, त्या पाण्याने खाली खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तो दिवस डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत. मुलांच्या घरात, वाड्यात, शेजारी ती भेटतात, त्यामुळे विषयाची निवड उत्तमच होती.

ब्लॉग गूगलच्या ब्लॉगर सेवेवर काढला. सात मुलांचा एक गट असे सहा गट केले आणि प्रत्येक गटाच्या एका प्रतिनिधीला ‘लेखक’ म्हणून जोडलं. सुरुवातीला ‘ऑनलाइन सुरक्षितता’ या नावाने दोन तास झाले. पासवर्ड कुणाला सांगू नये, फोन नंबर टाकू नये, अनोळखी माणसाशी बोलू नये, कुणी त्रास दिला तर मोठ्यांना सांगावं, सायबर गुन्ह्यासाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक, एवढं त्यात आलं. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. शिवाय एक तोंडी नियम होता: बाईंना दाखवल्याशिवाय काही प्रकाशित करायचं नाही.

त्या दोन तासांतली प्रत्येक गोष्ट मुलांना इतरांपासून वाचवणारी होती. मुलांच्या लिहिण्याने दुसऱ्या कुणाला इजा होऊ शकते, हा विषय निघालाच नाही. बहुतेक शाळांच्या अशा तासिकांत हेच होतं आणि हे प्रकरण नेमकं त्याच फटीतून घडलं.

काय घडलं

शनिवारी संध्याकाळी विद्यार्थिनी अ हिने घरून, आईच्या मोबाइलवरून, आजीच्या मुलाखतीवरची पोस्ट थेट प्रकाशित केली. बाईंनी आधीचा मसुदा पाहिला होता, पण तो निम्माच होता. पोस्टमध्ये नदीकाठच्या एका पेठेतल्या भुसार मालाच्या दुकानाचं नाव होतं. पुरानंतर त्या दुकानदाराने धान्य लपवून ठेवलं आणि दामदुपटीने विकलं, असं एक वाक्य होतं. ते दुकान आजही चालू आहे, नावही तेच आहे आणि मालक त्या दुकानदाराचे नातू आहेत.

रविवारी सकाळी पोस्टचा दुवा पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला आणि तिथून पेठेतल्या दोन ग्रुपांवर गेला. दुपारी पोस्टखाली एक निनावी कमेंट आली: ‘आमच्या आजोबांवर आरोप करायला तुमच्याकडे पुरावा काय? शाळेत हेच शिकवतात का?’ ब्लॉगवर कुणीही कमेंट करू शकत होतं आणि कमेंट आधी तपासण्याची सोय बंद होती. विद्यार्थी ब याने आपल्या खात्यावरून उत्तर दिलं, ‘मग आमच्या आजी खोटं बोलतात का?’ त्या उत्तरापुढे त्याचं पूर्ण नाव दिसत होतं. आणखी तीन मुलं त्यात उतरली. संध्याकाळपर्यंत त्या भांडणाचे स्क्रीनशॉट मूळ पोस्टपेक्षा जास्त फिरले. रात्री मुख्याध्यापिकांना दुकानातून फोन आला.

पोस्टमध्ये नेमकं काय चुकलं

सोमवारी शिक्षकांनी आधी मूळ ध्वनिमुद्रण ऐकलं. या प्रकरणातला हा सगळ्यात उपयोगी निर्णय ठरला, कारण तोवर सगळे पोस्टवरच वाद घालत होते. मुद्रणात आजी म्हणतात:

‘आई म्हणायची, त्या दुकानवाल्यांनी कोरडं धान्य माडीवर चढवून ठेवलं आणि मग दामदुपटीने विकलं. आम्ही ऐकलं हो, बघितलं नाही. आता खरं-खोटं देव जाणे.’

पोस्टमध्ये हे असं आलं: ‘पुरानंतर त्या दुकानदाराने धान्य लपवून ठेवले आणि दामदुपटीने विकले.’

‘आई म्हणायची’ गेलं, ‘बघितलं नाही’ गेलं, ‘देव जाणे’ गेलं. ‘माडीवर चढवून ठेवलं’ याचं ‘लपवून ठेवले’ झालं. पाणी चढत असताना धान्य माडीवर नेणं हे कुठलाही शहाणा दुकानदार करेल, लपवणं वेगळं. मुलीने हे मुद्दाम केलं नव्हतं. निबंध लिहिताना ‘बोलीतले फालतू शब्द काढा, वाक्य आटोपशीर करा’ असं तिला आठवीपासून शिकवलं गेलं होतं आणि तिने तेच केलं. मुलाखत लिहिताना मात्र हे फालतू वाटणारे शब्दच सर्वांत मोलाचे असतात, कारण माहिती कुठून आली ते त्यांच्यातच असतं.

दुसरी चूक वाराची. आजी म्हणाल्या होत्या, ‘रविवार होता, म्हणून सगळे घरीच होते.’ १२ जुलै १९६१ ला बुधवार होता. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये मागे जाऊन हे अर्ध्या मिनिटात कळतं. आजी त्या वेळी अकरा वर्षांच्या होत्या. वार चुकणं स्वाभाविक आहे. पण जी आठवण वारात चुकते ती धान्याच्या भावातही चुकू शकते, हा विचार मुलांना त्या कॅलेंडरने जितका पटला तितका कुठल्याही व्याख्यानाने पटला नसता.

तिसरी चूक फोटोची. पोस्टच्या माथ्यावर पुराचा एक काळा-पांढरा फोटो होता, गूगलवर शोधून उचललेला. ‘इतका जुना आहे, म्हणजे सगळ्यांचा’ असं मुलांना वाटलं आणि शिक्षकांनाही. भारतात फोटोवरचा हक्क पूर्वी प्रकाशनानंतर ६० वर्षं चालायचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६१ चा फोटो आजही कुणाच्या तरी मालकीचा असण्याचीच शक्यता मोठी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिकण्या-शिकवण्याच्या ओघात केलेल्या वापराला सूट आहे, पण ती वर्गातल्या प्रकल्पवहीसाठी समजावी. साऱ्या जगाला दिसणाऱ्या पानावर त्या सुटीचा भरवसा धरू नये.

चौथी चूक कुणाच्याच लक्षात आली नव्हती. आजींच्या फोटोत मागे दार होतं आणि दारावरच्या पाटीवर आडनाव, इमारतीचं नाव आणि फ्लॅटचा नंबर स्वच्छ वाचता येत होता. दुपारी घरी एकट्या असणाऱ्या वृद्ध बाईचा हा पत्ता होता. मुलांनी ‘पत्ता टाकू नये’ हा नियम पाळला होता, कारण त्यांनी पत्ता टाइप केला नव्हता.

समोर असलेले पर्याय

सोमवारच्या बैठकीत चार मार्ग निघाले.

ब्लॉगच बंद करायचा, हा पहिला. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचा कल तिकडे होता. वाद त्यामुळे त्याच दिवशी मिटला असता, पण बाकी पाच गटांचं काम विनाकारण बुडालं असतं आणि ‘अडचण आली की पान फाडा’ एवढंच मुलं शिकली असती.

दुसरा मार्ग, गाजावाजा न करता वाक्य बदलायचं. हा सर्वांत मोहाचा आणि सर्वांत वाईट. स्क्रीनशॉट आधीच फिरत होते. बदललेली पोस्ट आणि स्क्रीनशॉट शेजारी ठेवले की शाळा लपवाछपवी करते असं दिसलं असतं. तेही धान्य लपवण्याच्या प्रकरणात!

तिसरा, ‘आजींची आठवण आहे, बोलण्याचा हक्क आहे’ म्हणून ठाम राहायचं. इतिहासाच्या सरांना यात तथ्य वाटत होतं, पण मुद्रण ऐकल्यावर हा मार्ग उरलाच नाही. आजी जे बोलल्या नाहीत ते आजींच्या नावावर खपवून त्याचा बचाव करता येत नाही.

चौथा मार्ग म्हणजे पोस्ट तात्पुरती मागे घ्यायची, कुटुंबाशी बोलायचं आणि दुरुस्तीची नोंद उघडपणे लावून ती पुन्हा आणायची. हा निवडला. वेळ सर्वांत जास्त यातच जाणार होता.

कायद्याचा मुद्दा एका पालकांनी काढला: ‘६६अ खाली मुलांवर केस होईल.’ माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं आहे, तरी व्हॉट्सअ‍ॅपवर ते अजून जिवंत आहे. खरा मुद्दा बदनामीचा होता, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ३५६ वं कलम. मेलेल्या माणसाबद्दल काहीही लिहिलं तरी चालतं, असा समज आहे. त्या कलमाचं स्पष्टीकरण वेगळं सांगतं: जिवंत असता तर ज्याने त्याची अब्रू गेली असती असा आरोप, घरच्यांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केला, तर तीही बदनामी ठरू शकते. इथे असा हेतू नव्हता आणि प्रकरण तिथवर गेलं नाही. मुलांना मात्र हे कलम वाचून दाखवलं गेलं, आणि तेही घाबरवण्याच्या सुरात नव्हे.

काय केलं

सर्वांत आधी पोस्ट मसुद्यात परत नेली. ब्लॉगरमध्ये पोस्ट पुसून न टाकता प्रकाशनातून मागे घेता येते. मजकूर आणि कमेंट शाळेकडे राहतात आणि पुढे कुणी विचारलं तर काय होतं ते दाखवता येतं. त्याआधी पूर्ण पानाची कमेंटसह पीडीएफ करून ठेवली. कमेंट तपासूनच दिसतील अशी सोय सुरू केली आणि निनावी कमेंट बंद केल्या.

यानंतर एक अडचण कळली. पोस्ट मागे घेतली तरी आजींचा फोटो त्याच्या स्वतंत्र दुव्यावर उघडतच होता, कारण चढवलेलं चित्र पोस्टपासून वेगळं साठवलेलं असतं. ते वेगळं शोधून काढावं लागलं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दुव्यासोबत आलेलं छोटं चित्र आणि शीर्षक तर ज्याच्या त्याच्या फोनमध्ये राहिलंच. गूगलच्या शोधात जुना मजकूर दिसत राहिला तर तो ताजा करण्याची विनंती करायला गूगलचंच एक साधन आहे, ते वापरलं. स्क्रीनशॉटवर मात्र उपाय नव्हता आणि मुलांना तसं स्पष्ट सांगितलं.

मंगळवारी मुख्याध्यापिका आणि मराठीच्या बाई दुकानात गेल्या. मुलांना नेलं नाही. यावर शिक्षकांत मतभेद होते. काहींच्या मते मुलांनीच जाऊन माफी मागायला हवी होती. पण चौदा वर्षांच्या मुलीला भर बाजारात, गिऱ्हाइकांसमोर उभं करणं ही शिक्षा झाली असती. दुकानदार काकांचंही म्हणणं हेच पडलं: ‘पोरांना काही बोलू नका. पण नाव काढा. काउंटरवर लोक हसत हसत विचारतात, आज भाव काय, दामदुपट का?’ त्यांच्या घरात सांगितली जाणारी हकिकत अशी, की तळमजल्यावरचा सगळा माल भिजला, सडला आणि फेकावा लागला. तेही तेव्हा जन्मलेले नव्हते. म्हणजे दोन्ही बाजूंना बघितलेला माणूस नव्हता. त्यांची बाजू मुलाखत म्हणून छापू का, असं विचारल्यावर ते नको म्हणाले आणि त्यांचा नकार मान्य केला.

पुढचा प्रश्न असा, की फक्त नाव काढायचं की अख्खं वाक्यच? गटाने सुचवलं, ‘देवळासमोरच्या एका भुसार दुकानदाराने’ असं लिहू. पण त्या देवळासमोर तसं एकच दुकान आहे. पेठेत नाव न घेताही माणूस ओळखू येतो. वाक्य पूर्ण काढलं. तेव्हा विद्यार्थी ब ने विचारलं, ‘म्हणजे खरं असलं तरी लिहायचंच नाही का?’ प्रश्न रास्त होता. त्यावर एक अख्खा तास झाला: हे लिहायचं असतं तर हाताशी काय लागलं असतं? स्वतः पाहिलेला, आजींच्या कुटुंबाशी संबंध नसलेला दुसरा साक्षीदार. त्या आठवड्यातल्या ‘केसरी’, ‘सकाळ’सारख्या वर्तमानपत्रांच्या फायलींत भाववाढीबद्दल काही आलं आहे का, त्याचा शोध. कुटुंबाचं म्हणणं. आणि हे आज छापण्यात लोकांचं हित काय, याचं उत्तर, कारण बदनामीच्या कलमात ‘खरं आहे’ एवढ्याने भागत नाही. ते लोकहितासाठी सांगणं गरजेचं होतं, हेही दाखवावं लागतं. एका मुलीने चौकशी आयोगाचा अहवाल पाहू असं सुचवलं. न्या. बावडेकर आणि नंतर न्या. नाईक यांच्या आयोगांचा विषय धरण का फुटलं हा होता, दुकानांचे भाव नव्हेत. पण कागदोपत्री पुरावा शोधायचं तिला सुचलं, हे चांगलंच झालं.

दुरुस्तीची नोंद मुलांनी लिहिली. पहिल्या मसुद्यात होतं, ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत.’ बाईंनी ते वाक्य खोडलं. ‘असल्यास’ म्हटलं की चूक वाचणाऱ्याच्या भावनांची ठरते. दुसऱ्या मसुद्यात मूळ आरोप पुन्हा सविस्तर लिहिला होता. दुरुस्तीने आरोप नव्याने पसरू नये म्हणून तोही गेला. शेवटी नोंद अशी लागली, पोस्टच्या तळाला नव्हे तर माथ्यावर:

‘दुरुस्ती: या लेखात एका दुकानाचं नाव घेऊन एक विधान केलं होतं. ते ऐकीव माहितीवर होतं. आम्ही ते तपासलं नव्हतं आणि संबंधित कुटुंबाला विचारलं नव्हतं. मुलाखत देणाऱ्या आजींनी ते खात्रीने सांगितलं नव्हतं. तसा अर्थ आमच्या लिहिण्यामुळे झाला. विधान काढलं आहे. त्या दिवशी रविवार नसून बुधवार होता. पुराचा फोटो परवानगी नसताना वापरला होता, तो काढला आहे. आम्ही माफी मागतो. – इयत्ता नववी.’

‘तसा अर्थ आमच्या लिहिण्यामुळे झाला’ हे वाक्य आजींसाठी होतं. त्या चार दिवस शेजाऱ्यांना तोंड चुकवत होत्या. नातीशी बोलायला त्यांनी होकार दिला होता. ते सगळ्या गावाला दिसेल, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

नवी पद्धत

मुलांकडून ‘लेखक’ हा दर्जा काढून घेतला. ब्लॉगरमध्ये लेखक स्वतःची पोस्ट थेट प्रकाशित करू शकतो. ‘लिहा, पण प्रकाशित करू नका’ अशी पायरी तिथे नाही. म्हणजे तोंडी नियम एक सांगत होता आणि बटण दुसरंच करू देत होतं. अशा वेळी शनिवारी संध्याकाळी बटण जिंकतं. वर्डप्रेसमध्ये तशी पायरी आहे: योगदान देणारा मसुदा पाठवतो, प्रकाशित करू शकत नाही आणि फोटोही चढवू शकत नाही. तिकडे जायचं का, यावर चर्चा झाली. सगळं पुन्हा बसवण्यापेक्षा मसुदे सामायिक गूगल डॉकमध्ये लिहायचे आणि फक्त दोन शिक्षकांनी दर गुरुवारी प्रकाशित करायचे, असं ठरलं. आठवड्याला दोनच पोस्ट. त्याहून जास्त तपासून होत नाहीत.

प्रत्येक मसुदा दुसऱ्या गटातली दोन मुलं तपासतात, मुद्रण कानाला लावून. ज्या वाक्यात जिवंत किंवा मृत व्यक्ती, कुटुंब, दुकान, संस्था यांचं नाव आहे ते वाक्य पिवळं करायचं आणि शेजारी लिहायचं: पाहिलेलं की ऐकलेलं? मुद्रणात कितव्या मिनिटाला? ज्याच्याबद्दल आहे त्याला विचारलं का? फोटो स्वतः काढलेला किंवा विकिमीडिया कॉमन्ससारख्या, मुक्त परवान्याची चित्रं ठेवणाऱ्या ठिकाणचा, आणि छायाचित्रकाराचं नाव, मूळ ठिकाण व परवान्याचा प्रकार खाली दिलेला. फोटो मोठा करून चारही कोपरे पाहायचे: पाट्या, गाडीचे नंबर, गणवेशावरचं शाळेचं चिन्ह.

पालकांचं संमतिपत्र नव्याने केलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती हवी, असं म्हटलं आहे. आधीच्या पत्रात ‘शालेय उपक्रमांस संमती आहे’ एवढं मोघम वाक्य होतं. आता लेखन, नाव, फोटो आणि आवाज यांवर वेगवेगळी सही लागते. मुलाखत देणाऱ्यांचीही संमती घेतात आणि मसुदा त्यांना वाचून दाखवतात, ऐकू कमी येत असेल तर मोठ्याने. पोस्टखाली मुलांच्या नावाऐवजी गटाचं नाव येतं.

परिणाम

सुधारित पोस्ट दहाव्या दिवशी पुन्हा लागली. दुकानाकडून पुढे काही तक्रार आली नाही. विद्यार्थिनी अ ने मात्र त्या वर्षी पुन्हा लिहिलं नाही. तिने तपासणीचं काम मागून घेतलं आणि तिच्या पिवळ्या खुणांना बाकीचे गट वैतागले. विद्यार्थी ब चं पूर्ण नाव असलेला स्क्रीनशॉट दोन महिन्यांनी पुन्हा एका ग्रुपवर दिसला. मूळ ठरावातल्या २४ पोस्टऐवजी वर्षअखेर १५ झाल्या, कारण गुरुवारची तपासणी सहामाहीच्या काळात बंदच पडली.

वेगळं काय करता आलं असतं

रविवारी दुपारी कमेंट आली तेव्हा शाळेतलं कुणीच ब्लॉग पाहत नव्हतं. खटका दोन वाजता उडाला आणि फोन रात्री नऊला आला. त्या सात तासांत झालेलं नुकसान पोस्टच्या नुकसानीपेक्षा मोठं होतं. सुट्टीच्या दिवशी कमेंट बंद ठेवणं हा साधा उपाय आधीच करता आला असता. रागाच्या कमेंटला मुलांनी उत्तर द्यायचं नाही, स्क्रीनशॉट काढून शिक्षकांना पाठवायचा, हेही पहिल्याच तासाला सांगता आलं असतं.

पहिल्या दोन तासांपैकी एक तास एखादी मुलाखत ऐकून तिचं शब्दशः लेखन करण्यात घालवला असता तर ‘आई म्हणायची’ बहुधा गळलं नसतं. हे काम संगणकाशिवायही होतं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. ही मुलं दहावी होऊन जातील, ब्लॉग राहील. अठराव्या वर्षी एखाद्याने ‘माझं लिखाण काढा’ म्हटलं तर कुणाकडे अर्ज करायचा, किती दिवसांत काढायचं, हे ठरलेलं नाही. खात्याच्या लॉगिनचा ओटीपी आयसीटीच्या, म्हणजे संगणकाच्या, सरांच्या वैयक्तिक नंबरवर येतो आणि सर येत्या मे अखेर निवृत्त होत आहेत. शाळेच्या नावाचा वेगळा नंबर घेण्याचा अर्ज कार्यालयात दिला आहे.